निंबाखालचे विळे

बाळांनो,

परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की तुमच्या गावावरून खग्रास सूर्यग्रहण जाणार आहे आणि शाळेनं कागदी चष्मे वाटले आहेत. धाकटीनं विचारलं, "आजी, तू पाहिलं होतंस का गं कधी?" मी "हो" म्हणाले, तेवढ्यात तुमची बस आली आणि फोन बंद झाला. ते "हो" मला दिवसभर टोचत राहिलं, कारण ते पुरतं खरं नव्हतं. ग्रहण मी पाहिलं, पण सूर्याकडे एकदाही पाहिलं नाही. हे कसं झालं ते तुमच्या ग्रहणाच्या आत तुमच्या हाती पडावं म्हणून आज लिहायला बसले आहे. एखादा शब्द अडला तर आईला विचारा.

लातूर तेव्हा जिल्हा झालेला नव्हता. होणार, होणार अशी हवा मात्र होती. तुमचे आजोबा तहसील कचेरीत कारकून होते. मी नांदेडची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, आणि लग्नानंतर लातूरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो: आजोबा, मी आणि आजोबांची आई, म्हणजे तुमची पणजी. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे.

त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. नळाला चार दिवसांआड पाणी यायचं. आत्याबाई रिकाम्या घागरींपाशी बसायच्या आणि मुलगा कचेरीतून आला की विचारायच्या, "झाला का रे जिल्हा?"

"होईल माय. कागद मुंबईला गेलाय."

"मग नळाला रोज पाणी येईल म्हण की."

"आधी पाटी येईल. मग मोठा साहेब येईल. मग साहेबाला पाणी लागेल, तेव्हा आपल्यालाबी येईल."

"म्हंजे साहेबाला तहान लागूस्तोवर आपण बसायचं," त्या म्हणायच्या आणि घागर पालथी घालून वर हात ठेवायच्या.

आत्याबाईंचा उजवा डोळा गेलेला होता. बाहेरून काही कळायचं नाही. त्या डोळ्यानं कडेचं दिसायचं, पण मधोमध काळा डाग होता. माणूस समोर उभं राहिलं तर त्याचे कान आणि खांदे दिसायचे, तोंड दिसायचं नाही. त्यामुळे बोलताना त्या मान जराशी वळवून डावा डोळा पुढे आणायच्या. "कोंबडीवाणी बघते मी," असं स्वतःच म्हणायच्या. लग्न होऊन वर्ष झालं तरी डोळा कशानं गेला हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

माघातल्या अमावास्येला ग्रहण येणार ही बातमी कळली त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच विषय काढला.

त्यांचं माहेर नायगावजवळच्या एका खेड्यातलं. निजामाचं राज्य होतं. तेव्हा आपल्या लोकांनी अजून धम्म स्वीकारला नव्हता, आणि गावानं लावून दिलेली कामं करावी लागायची. त्यांतलंच एक काम ग्रहणाचं. ग्रहण लागलं की सगळा गाव दारं लावून आत बसायचा. बाहेर फक्त आपल्या आणि मांगवाड्यातल्या बाया. ग्रहण सुटायला लागलं की टोपल्या घेऊन दारोदार ओरडत जायचं, "दे दान, सुटे गिरान." मग लोक दारं उघडून धान्य, जुनी लुगडी टोपलीत वरून टाकायचे. आत्याबाईंच्या आईला लांबचं दिसत नव्हतं. म्हणून आठ वर्षांच्या लेकीला तिनं काम लावलं होतं, वर बघत राहायचं आणि सुटायला लागलं की सांगायचं.

"बाया म्हणल्या, झाकला, समदा झाकला, आता बघ. मी एक डोळा मिटला आन् बघितलं," आत्याबाई म्हणाल्या. "समदा न्हवता झाकला. नखाएवढी कोर व्हती."

मिटलेला डोळा वाचला. तोच डावा.

"छप्पन साली टोपली सोडली आपण," त्या म्हणाल्या. "त्याच्यानंतर कवा गिरान आलं तर मीबी दार लावूनच बसले. आता मला एकदा बघायचंय. निवांत. बसून. टोपली न घेता."

आजोबा एकदम म्हणाले, "माय, एकच डोळा हाय तुला."

"म्हणून तर तुझ्या बायकोला विचारायले. इंग्रजी शिकली ना ती."

मी त्यांना शब्द दिला की ग्रहण दाखवीन आणि डोळ्याला काही होऊ देणार नाही.

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. फ्रिजवर मी यादी लावते म्हणून तुमची आई हसते. तेव्हा फ्रिज नव्हता, पण यादी होती. हैदराबादचं इंग्रजी वर्तमानपत्र आमच्या शाळेत एक दिवस उशिरानं यायचं. त्यात ग्रहणावर अर्धं पान आलं होतं. ते मी मुख्याध्यापिकाबाईंना विचारून घरी आणलं, दोनदा वाचलं आणि त्यावरून मराठीत सात कलमांची यादी केली. काजळी धरलेली काच वापरू नये. परातीतल्या पाण्यात सूर्य पाहू नये. एक्स-रेची फिल्म चालत नाही. वेल्डिंगची सर्वांत गडद काच चालते. अशी सगळी. वेल्डिंगची काच आजोबांनी ओळखीच्या एका कारखान्यातून दोन दिवसांसाठी मागून आणली. यादी मी चुलीमागच्या भिंतीला खळ लावून चिकटवली आणि आत्याबाईंना वाचता येत नसल्यामुळे रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवू लागले.

आमच्या घरमालकीणबाईही दारात उभ्या राहून ऐकायच्या. त्यांची काळजी वेगळी होती. ग्रहणाआधी भरलेलं पाणी ओतून द्यायचं अशी त्यांच्याकडे रीत, आणि पाणी तर चार दिवसांचं एकदाच मिळालेलं.

"मास्तरीणबाई, तुमच्या इंग्रजी पेपरात पाणी वताया सांगितलंय का?"

"नाही, असं काही लिहिलेलं नाही."

"नीट बघितलं का? दोन्ही बाजूनं?"

"दोन्ही बाजूंनी बघितलं."

"मग ऱ्हाऊ द्या," असं म्हणून त्या सुखानं घरी गेल्या. आत्याबाई म्हणाल्या, "बघ, दुष्काळानं बाईला इंग्रजी शिकविलं."

ग्रहणाच्या आदल्या दिवशी मी शेवटची उजळणी घेतली. पाचवं कलम असं होतं: सूर्य पूर्ण झाकला की काच बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी पाहता येते, कडा दिसू लागताच पुन्हा काच लावावी. मी ते वाचलं. आत्याबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"समदा झाकल्यावर अंधार पडंल ना?"

"हो. चांदण्या दिसतील असं लिहिलंय."

"हितं?"

"हो."

"हितं, लातुरात?"

मी जरा चिडूनच पेपर उघडला. वाटलं, एकदा नकाशा दाखवला की शंका मिटेल. नकाशात एक काळा पट्टा होता. तो खाली कर्नाटकातून शिरत होता आणि रायचूरवरून तिकडे पूर्वेला समुद्राकडे जात होता. पट्ट्याच्या आत खग्रास. लातूर नकाशात छापलेलंच नव्हतं. मी अंदाजानं बोट ठेवलं, तर ते पट्ट्याच्या बरंच वर पडलं. नांदेड त्याच्याही वर. आमच्याकडे सूर्य झाकणार होता खूप, पण पूर्ण नाही. एक कोर शेवटपर्यंत राहणार होती.

पेपर पट्ट्याजवळच्या लोकांसाठी लिहिलेला होता आणि मी तो शब्दाला शब्द उतरवला होता. लातूर कुठे आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ पाहून म्हणणार होते, आत्याबाई, झाकला, आता काच काढा. आणि त्यांनी काढली असती. खेड्यातल्या बायांनी जे सांगितलं तेच मी स्वच्छ अक्षरात लिहून भिंतीला लावलं होतं.

मला रडूच आलं. आत्याबाईंनी पिठाचा हात परातीत झटकला. "रडतीस काय? इचारलं ना मी. आमच्या बायांना इचारायला आठ वर्साच्या पोरीला जमलं न्हाई. आता जमलं."

मग लाल पेन्सिल घेऊन मी पाचवं कलम खोडलं. पण माझा यादीवरचा विश्वास उडाला होता. काच खरंच पुरेशी गडद आहे का, कुठे बारीक चीर तर नाही, काही सांगता येईना. एकच डोळा, आणि प्रयोग त्याच्यावर करायचा. मी म्हणाले, "आत्याबाई, सूर्याकडे बघायचंच नाही असं काही निघतं का बघू." आणि तेच अर्धं पान पुन्हा वाचायला बसले. अगदी खाली, बारीक टायपात, चार ओळी होत्या. कागदाला छिद्र पाडून सूर्याकडे पाठ करून उभं राहावं, जमिनीवर कोर उमटते. झाडाच्या पानांमधल्या फटींतूनही अशाच कोरी पडतात.

हे मी मराठीत सांगितलं तेव्हा आत्याबाईंनी मान वळवून डावा डोळा माझ्याकडे आणला. तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांना कळलं नाही.

"कशावाणी दिसतात त्या कोरी?"

"चंद्रासारख्या. किंवा विळ्यासारख्या."

"निंबाखाली?"

"कुठल्याही झाडाखाली."

"त्या दिसी निंबाखाली समद्या जिमिनीवर विळे पडले व्हते," त्या हळू म्हणाल्या. "बारके बारके, शेकड्यांनी. मी आईला दाखविले, तर तिला दिसंनात. बाया म्हणल्या, पोरीच्या डोळ्यात कायतरी झालं. मग डोळा गेला तवा मलाबी वाटलं, तितूनच सुरू झालं असंल. विळे खरे न्हवते, डोळाच बिघडला व्हता."

म्हणजे आठ वर्षांच्या पोरीनं ग्रहण आधीच नीट पाहिलं होतं, जमिनीवर. त्यानंतर तिला वर बघायला लावलं गेलं.

आमच्या अंगणातही निंब होता, पण पानगळ आणि त्यात दुष्काळ, नुसत्या काड्या उरल्या होत्या. त्याखाली काय सावली पडणार? सकाळी मी पुठ्ठ्याला दाभणानं छिद्र पाडून पाहिलं, एकच ठिपका पडला. आत्याबाईंनी तो मान वळवून पाहिला आणि म्हणाल्या, "एक न्हाई. मला लई पायजेत." मग उठून आतून ज्वारी चाळायची पत्र्याची चाळण घेऊन आल्या.

दुपारी गल्लीतली सगळी दारं लागली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. घरमालकीणबाईंच्या खिडकीतून मुसळ परातीत उभं राहिल्याची, म्हणजे ग्रहण लागल्याची, बातमी आली. आम्ही अंगण झाडून त्यावर पांढरी चादर अंथरली आणि सूर्याकडे पाठ करून तिघं ओळीनं बसलो. डोक्यावर पदर, आजोबांच्या डोक्यावर टॉवेल. आत्याबाईंनी चाळण खांद्यावरून मागे धरली. चादरीवर गोल गोल ठिपके पडले, जोंधळ्याच्या दाण्यांसारखे. थोड्या वेळानं प्रत्येक ठिपक्याला एका बाजूनं खाच पडली.

"उंदरानं कुरतडल्यावाणी," आजोबा म्हणाले.

"समद्यांना एकाच बाजूनं. शिस्तीचा उंदीर हाय," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्या बायकोच्या शाळेतला."

हात भरून आला की चाळण आजोबा घ्यायचे. ते उभे राहून उंच धरायचे तेव्हा ठिपके मोठे व्हायचे. ऊन पिवळट, पातळ झालं. चिमण्या मुक्या झाल्या. साडेतीन वाजून गेले तेव्हा चादरभर विळे होते, बारीक पात्याचे, शेकड्यांनी. आत्याबाईंनी खाली वाकून एका विळ्यावर बोट ठेवलं. तो त्यांच्या नखावर चढला. किती तरी वेळ त्या बोट हलवेनात.

"म्हंजे मला दिसलं व्हतं," त्या म्हणाल्या. "खरंच व्हतं ते."

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून हाळी आली, "दे दान, सुटे गिरान." मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी आधी चादरीकडे पाहिलं.

"अजून सुटलं न्हाई. घाई केली बायांनी," त्या म्हणाल्या. मग आजोबांना म्हणाल्या, "जा रे, सांग त्यांना, वर कुणी बघू नका म्हणावं. बघायचं असंल तर हितं या."

दोघी आल्या. टोपल्या त्यांनी दाराबाहेर ठेवल्या आणि चादरीच्या कडेला सूर्याकडे पाठ करून बसल्या. विळे पुन्हा भरत चालले होते. ते पुरते गोल होईपर्यंत कुणी उठलं नाही. मग मी चार दिवसांच्या पाण्यातून सगळ्यांसाठी चहा ठेवला. तो आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं त्यांना दिला, कपबशीत.

तुमच्यासाठी एवढंच. तुमचं गाव पट्ट्याच्या आत आहे की बाहेर, हे आधी बघा. शेजारच्या गावाची वेळ आपली समजू नका. बाहेर असेल तर चष्मा एक क्षणभरही काढायचा नाही. आत असेल तर कधी काढायचा आणि कधी पुन्हा लावायचा हे बाईंना विचारा, आणि पटेपर्यंत विचारत राहा. मोठ्या माणसानं स्वच्छ अक्षरात लिहिलं म्हणून ते बरोबर असतंच असं नाही. आईकडून एक चाळणीही मागून घ्या.

लातूर जिल्हा झाला, पाणी अजून रोज येत नाही. आत्याबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या, आणि डाव्या डोळ्यानं शेवटपर्यंत सुईत दोरा ओवत होत्या. घरमालकीणबाईंचं घर पाडलं, निंबही गेला. यादी माझ्या पेटीत आहे, पाचव्या कलमावर लाल रेघ आहे. चाळण स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे. एका बाजूचा पत्रा उचकटलाय, पण ज्वारी अजून तिच्यातूनच चाळते.