नियम तिकडचा, मार इकडं

मंडळी, आज बाजारात जे झालं ते लिहायलोय.

सकाळी मीच ह्या ग्रुपवर मराठी चॅनलची बातमी टाकली, 'सलून आजपासून सुरू.' आपण ठाणाकुशनूरचे लोक, राहतो कर्नाटकात आन् बातम्या बघतो महाराष्ट्राच्या. ती लॉकडाऊनची सूट तिकडची हाय, हे माझ्या टाळक्यातच आलं न्हाई.

माझी बातमी बघून नरसप्पा अण्णानं दोन महिन्यांनी केस कापायचं दुकान उघडलं. पहिल्याच गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झाली आन् बाजारातले कापडवाले, भांडेवाले काठ्या घेऊन आले. "आमच्या दुकानांना कुलपं, तुझं चालू कामून रे?"

अण्णा म्हणला, "टीव्हीत सांगितलंय की."

पहिला दगड आरशावर बसला, दुसरा त्याच्या कपाळावर. खाली पडल्यावर लाथा घातल्या. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकसुद्धा मारणाऱ्यांत घुसलं, आपल्यावर येऊ नये म्हणून! आन् मी समोर उभा. बातमी माझी होती, एवढं बोलायला तोंड उघडलं न्हाई.

मला कन्नड वाचता येत न्हाई, म्हणून नंतर शाळेच्या मास्तरांकडून आपल्या सरकारचा कन्नड आदेश वाचून घेतला. एका ओळीत दुकानं उघडा, खालच्या ओळीत गर्दीची दुकानं सोडून. सलून गर्दीत धरायचं का, ते कुठंच न्हाई.

अण्णाच्या कपाळाला टाके पडलेत. मघाशी मलाच विचारलं, "तू शिकलेला हैस बाबा. उद्या उघडू का नको?"

त्याला मारणारे बी ह्याच ग्रुपमधी हैत. तुम्हीच सांगा, काय सांगू त्याला?