डोसा संपेपर्यंत

१७ नोव्हेंबर, सोमवार. दुपारभर आईची दवाखान्याची पिशवी भरत होते. दोन गाऊन, टॉवेल, प्लास्टिकचा मग, जुन्या सुती साडीची फडकी. चेन ओढली आणि एकच काम उरलं: आईला खरं सांगणं.

भावाने पुण्याहून फोनवर तिला सांगून ठेवलं होतं की दाढ काढायची आहे. दाढ नव्हतीच. डाव्या गालातली जखम कॅन्सरची होती आणि हाडापर्यंत पोचली होती. खालच्या जबड्याचा डावा भाग आणि जिभेचा तुकडा काढायचा होता. मग काही आठवडे नाकातल्या नळीने जेवण, आणि पुढे कायम मऊ आणि पातळ. हे माहीत नसताना तिला आत पाठवणं मला मान्य नव्हतं. घरी सांगितलं असतं तर भिंतीपलीकडच्या शेजारणी रडायला आल्या असत्या. म्हणून संध्याकाळी तिला आमच्या बूढापाऱ्यातल्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलात नेलं. तिथे कोणी कोणाचं ऐकत नाही.

या शेजारणी तशा तिच्या पहिल्या मैत्रिणी. लग्न होऊन अमरावतीकडून ती रायपूरला आली तेव्हा इथे तिचं कोणी नव्हतं. पहाटे नळावर पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका गुडाखू घासायच्या. मशेरीसारखाच प्रकार, पण ओला, तंबाखू आणि गुळाचा. त्यांनी तिच्याही बोटावर ठेवला. तेव्हापासून ती बैठक आणि ती डबी सुटली नाही. गाल दुखायला लागला तेव्हा तिने गुडाखू जास्त घासला. त्याने हिरडी बधिर होते, म्हणून इथे दातदुखीवर सगळ्या तेच करतात.

"एक मसाला डोसा. कडक. और काटना मत," तिने वेटरला सांगितलं.

"कडक काहून? तुझं तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही."

"सांबारात बुडवीन. तुले काय करायचं?"

डोसा यायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. जबडा, जीभ, नळी. ती ग्लासातल्या पाण्याकडे बघत होती.

"दाढेची गोष्ट कोनाची?"

"दादाची."

"त्याच्यात दमच नाही. झुरळ दिसलं तरी तुलेच हाका मारे." मग म्हणाली, "नाही केलं तर?"

"पसरेल. घशात उतरलं की गिळता येणार नाही. आणि दुखेल, आतापेक्षा खूप."

"आन केलं तर बरी होईन?"

"होशील असं डॉक्टर म्हणतात. खात्री कोणी देत नाही."

"बोलता येईन?"

"येईल. पण आत्तासारखं नाही."

वेटरने डोसा आणून ठेवला. मी म्हटलं, "येणार की नाही तेवढं सांग. नसेल यायचं तर आजच दवाखान्यात कळवते."

"हे संपेपर्यंत बोलू नको," ती म्हणाली.

ती डोशाची कडा मोडायची, वाटीत बुडवायची आणि मऊ झाली की अंगठ्याने उजव्या गालात सरकवायची. तिखट लागलं की डोळे मिटायची, पदराने डोळे पुसायची आणि पुढचा तुकडा मोडायची. एकदा तिने घास परत बाहेर काढला. त्याला रक्त होतं. तिने तो ताटाच्या कडेला ठेवला आणि त्यावर चटणीची वाटी सरकवली.

दारात गिऱ्हाइकं उभी होती. वेटर दोनदा फिरून गेला. तिसऱ्यांदा थांबला.

"दीदी, लोग खड़े हैं. माताजी तो खाते-खाते सो जाएँगी."

मी तोंड उघडण्याआधीच आई म्हणाली, "तेरी शादी में भी इतना ही धीरे खाऊँगी, बेटा. बुला तो सही."

तो हसला आणि न मागता सांबाराची आणखी एक वाटी घेऊन आला.

अर्धा डोसा उरला तेव्हा तिने ताट लोटलं. "बस. याचं पार्सल घे. सकाळी तू खा. तिथं तुले कोन विचारनार आहे जेवायचं?"

"म्हणजे येतेस?"

"येतो म्हटलं ना. पन मले माहीत आहे हे दादाले सांगू नको. त्याच्यासाठी दाढच राहू दे."

ती हात धुवायला बेसिनवर गेली. परत आली तेव्हा तोंडाला गुडाखूचा वास येत होता. डबी कमरेच्या पिशवीतच होती तर. मी पार्सल उचललं आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी तपासण्यांसाठी तिला उपाशीपोटी बोलावलं होतं. ती पिशवी मांडीवर घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसली. नळावरच्या एकीने विचारलं, कहाँ चली? "दाढ निकलवाने," असं तिचं उत्तर मला आत ऐकू आलं. मी ओट्याशी उभी राहून तो थंड, वातड डोसा सगळा खाल्ला, हात धुतले आणि भावाला फोन केला. सांगितलं, आई दाढ काढायला निघाली आहे, तू सुट्टी टाक आणि ये. मग कुलूप लावलं.