बाबांची दारू

आमच्या बाबांनी जन्मात दारू चाखली नाही, आणि जानेफळात त्यांच्याइतका नावाजलेला दारुडा दुसरा नव्हता. चालताना तोल जायचा, हात आपोआप उडायचे, जीभ जड व्हायची. आजोबांचंही तसंच झालं होतं. गावाने निकाल लावून टाकला: पिणाऱ्यांचं घराणं.

म्हणून तर नागपूरहून एक डॉक्टर आमच्या दारात आला. दारूचं व्यसन बापाच्या रक्तातून लेकरात उतरतं का, याचा तो अभ्यास करत होता. त्याने बाबांना अंगणात चालवलं, जीभ बाहेर काढून धरायला लावली. मग आईला हळूच म्हणाला, "हे व्यसन नाही. मेंदूचा आजार आहे, वडिलांकडून आलेला. दोघी मुलींपैकी कुणाला होईल, आज कुणीच सांगू शकत नाही."

तेव्हापासून मी स्वतःच्याच बोटांवर पाळत ठेवू लागले.

पुढच्याच आठवड्यात ताईला बघायला देऊळगाव राजाचे पाहुणे यायचे होते. ते येण्याआधी आईने बाबांच्या सदऱ्यावर हातभट्टीची दारू शिंपडली. मला असा संताप आला!

"हे काय करून राह्यली वं माय?"

"दारुड्याच्या पोरीले नवरा भेटते," ती म्हणाली. "रगतात दुखणं असल्यावर कोणी उंबऱ्यातबी येत नाही."

बाबांनी दुसरी बाहीही तिच्यापुढे धरली.

चहा आला. बाबांच्या हातातली बशी थडथडली, चहा सांडला. मुलाच्या वडिलांनी नाक आक्रसलं. "भाऊ, पेता काय?"

खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. आईने माझं मनगट आवळून धरलं. ताई दारातच थिजली.

"हाव," बाबा म्हणाले. "पेतो. सोडून देईन."

"सोडाच. दारू काय, सुटते. पोरगी पसंत हाय आमाले."

पुढच्या पौर्णिमेला आम्ही विहारात वंदनेला बसलो. पसंतीची आणि दारूच्या कबुलीची बातमी गावभर झाली होती. पंचशील सुरू झालं. सगळे पाचव्या, दारूच्या शीलाची वाट पाहत बाबांकडे वळून बघत होते. बाबांनी ते जड जिभेने, पण ठणकावून म्हटलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. पाचव्याच्या आधीच्या, खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला बाबांनी ओठ मिटून घेतले होते. ते कुणी पाहिलंच नाही.