आक्काच्या कोऱ्या चपला

आक्काच्या सासरहून, रिहे गावाहून, दाजींचा माणूस सांगावा घेऊन आला, तेव्हा मी आक्काकडेच निघालो होतो. "आक्का गेल्या," एवढंच तो बोलला. मोसंब्यांची पिशवी माझ्या हातात तशीच राहिली...

आक्का माझी थोरली बहीण. भातलावणीत सगळ्यांच्या पुढे, बोलण्यातही. मग आतड्याला जखमा झाल्या, वर्षानुवर्षं शौचातून रक्त पडत राहिलं. ती परड्यात किती वेळा गेली, याच्या गप्पा गावानं पारावर मारल्या. त्या तोंडांची मला अजून किळस येते.

शेवटी पुण्यात आतड्याचा खराब भाग काढला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "यांना झोपवून ठेवू नका, चालवा. या आजारात रक्त गोठायची भीती असते, त्यात हे ऑपरेशन. पाय सुजला तर चोळू नका, तडक घेऊन या." आक्का खूश. तिनं मला वाटेतच चपला घ्यायला लावल्या आणि कागदात गुंडाळून नेल्या. "आता बांधापत्तुर जाती का न्हाई बघ," म्हणाली.

कसली जाते! घरी तिची आत्तेसासू ठाण मांडून बसलेली. ओल्या बाळंतिणीसारखं तिनं आक्काला बाजेवर जखडलं. आक्का जरा उठली की, "पडून ऱ्हा. टाकं उसवलं मंजी?" मी डॉक्टरांचं सांगितलं, तर म्हणाली, "त्यो हितं बगाया येतुया व्हय?" दाजी खाली मान घालून बिडी ओढत राहिले.

मी परतल्यावर तिची पोटरी सुजली. म्हातारीनं तेल कोमट करून ती रगडली. "नगं, डाक्टर न्हाई म्हणलेत," आक्का सांगत होती म्हणे. चोळता चोळताच तिला धाप लागली, आणि संपलं. नंतर डॉक्टर म्हणाले, "पायातली गुठळी छातीत गेली असणार. वाचल्याच असत्या असं नाही म्हणत मी. पण वेळेवर आणायला हवं होतं."

दहाव्याला मात्र सगळे एकच बोलत होते, ऑपरेशन नडलं. आणि आत्याबाईंनी लई सेवा केली. म्हातारी पदर डोळ्यांना लावून ऐकत होती. मी पानावरून उठलो. निघताना ती चपला घेऊन पुढे आली. "कोऱ्याच हायेत. मला बसत्यात. ठिवू का?"

मी त्या हिसकावून घेतल्या. बायको म्हणते, आत ठेवा. मी ठेवत नाही. दारातच असतात. आमची एवढी चिखलाची वाट... त्यांच्या तळाला अजून मातीचा कण लागलेला नाही.