खाटकाच्या धाकटीचा डावा हात

दुकान उघडायला अजून अवकाश होता. मागच्या खोलीत बाबा दगडावर सुरीला धार लावत होते, आई चहा गाळत होती, आणि त्यांची धाकटी टेबलाशी बसून डाव्या हाताने मेंढ्याची तंगडी सोडवत होती. पट्टीतला उजवा हात मांडीवर ठेवलेला. त्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट उडालं होतं. हाडाला सुरी लागली की नसलेलं बोट अजून ठणकायचं.

तेवढ्यात दार वाजलं. लष्कराच्या कार्यालयातला कारकून होता, काखेत फाइल. आत येताच त्याने खुर्ची फिरवून टांगलेल्या धडांकडे पाठ केली. आईने चहा दिला, तो त्याने नुसता हातात धरला. जखमी चालकांना गोदामात बैठं काम मिळतं, या कागदावर सही हवी, असं त्याने समजावलं. मग जरा अडखळत म्हणाला, पायदळासाठी केलेला अर्ज मात्र बंद करावा लागेल.

तो अर्ज म्हणजे तिच्या आयुष्याचं एकच वेड. बारा वर्षांची असताना एका टोळीने समोरच्या न्हाव्याला रस्त्यावर ओढून लोखंडी सळयांनी ठेचलं होतं. बाबा सत्तूर घेऊन आपल्या दारात उभे राहिले, म्हणून टोळी इकडे वळली नाही. पण न्हाव्याला वाचवायला उंबरा बाबांनीही ओलांडला नाही. फळीच्या फटीतून तिने न्हाव्याचं डोकं फुटताना पाहिलं. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, मी लढणाऱ्यांत जाणार. आत्या म्हणायची, "जा की, कांदे चिरायला कुणीतरी लागेलच त्यांना."

बायकांना पायदळात घेत नव्हते, म्हणून ती ट्रक चालवायला लागली. चार वर्षं शिध्याची पोती वाहिली. गेल्या वर्षी बायकांना वाट मोकळी झाली, तिने लगेच अर्ज केला. धावणं झालं, ओझं वाहून झालं, उरली फक्त नेमबाजीची चाचणी. आणि चाचणीला आठ दिवस असताना शत्रूने ट्रकांना घाटात गाठलं.

भर दुपारी पुढचा ट्रक वळणावर पेटला. तिच्या शेजारी पहाऱ्याचा जवान होता, सगळे त्याला जाड्या म्हणत. आईच्या हातच्या जेवणाचं काहीतरी सांगत होता. गोळी त्याच्या गळ्यातून गेली आणि काच आतून लाल झाली. दुसऱ्या गोळीने स्टिअरिंगवरची तिची बोटं नेली. चालकाने पहारेकऱ्याच्या बंदुकीला हात लावायचा नाही, असा नियम. तिने ती त्याच्या मांडीवरून ओढली, नळी खिडकीवर टेकवली आणि दस्ता डाव्या खांद्याला लावला.

थंडीत एक हात बधिर झाला तर दुकान बंद ठेवायचं का, असं म्हणत बाबांनी तिला नवव्या वर्षापासून एक दिवसाआड डाव्या हाताने कापायला लावलं होतं. तो हात त्या दुपारी कामी आला. पहिला माणूस धावता धावता तोंडावर आपटला. दुसरा थेट दारापर्यंत पोचला. इतक्या जवळून गोळी लागल्यावर त्याला चेहरा उरला नाही. तिसरा पोट आवळून सरपटत होता, बंदूक सोडत नव्हता. त्यालाही तिने मारलं.

चौकशीत तिने सांगितलं, गोळ्या जाड्याने झाडल्या. बंदूक उचलायलाही त्याला क्षण मिळाला नव्हता, हे त्याच्या आईला कशाला कळायला हवं? त्या माउलीला त्याचं पदक मिळालं. तिने धाकटीला पत्र धाडलं, माझं पोर लढत गेलं, तू पाहिलंस, तुझे उपकार. ते पत्र आता चहाच्या डब्यामागे होतं.

कारकुनाने फाइल उघडून वाचलं, पहारेकऱ्याने तीन शत्रू मारले, चालक जखमी. "आता चाप ओढायचं बोटच नाही म्हटल्यावर," तो म्हणाला, "आमचाही नाइलाज आहे, ताई."

दगडावरची सुरी थांबली. "अगं, सांग ना त्यांना," बाबा म्हणाले. "ते तिघं..."

"बाबा."

त्यांनी सुरी पुन्हा दगडावर टेकवली. आईने डब्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

"काय सांगायचंय?" कारकुनाने विचारलं.

"काही नाही. फाइलीत आहे तसंच झालं."

तिने सत्तूर उचलला. डाव्या हाताचा एकच घाव. हाडाचे सरळ दोन तुकडे झाले. कारकुनाच्या कपातला चहा बशीत सांडला. तिने हात पुसला आणि गोदामाचा कागद बिनसहीचाच त्याच्याकडे सरकवला.

"नोकरी नंतर बघू," ती म्हणाली. "माझी नेमबाजीची चाचणी राहिली आहे. ती एकदा डाव्या हाताने घ्या."