खो मोठ्यानं द्यायचा

माझी नात बहिरी आहे. जन्मापासून. लोक माझ्यासमोर "तिला जरा कमी ऐकू येतं" असं म्हणतात, मला वाईट वाटू नये म्हणून. मला जे वाईट वाटायचं होतं ते अकरा वर्षांपूर्वीच वाटून झालं. बहिरी म्हणजे बहिरी. कानात मशीन घातली की ढोल, ट्रकचा हॉर्न आणि माझं ओरडणं एवढं तिच्यापर्यंत पोचतं. आमचे खापरपणजोबा दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले. त्यांच्या तलवारी कुठे गेल्या देव जाणे, ओरडणं मात्र आमच्याकडे राहिलं.

मी चौथीपर्यंत शिकलो. गिरणीत लूमवर पंचवीस वर्षं काढली, गिरणी बंद पडली, मग एका गोदामावर चौकीदारी केली. लिहायची सवय नाही. पण या थंडीत जे झालं ते कोणाला तोंडी सांगायला गेलो की मी मधेच उठून पळून दाखवायला लागतो, आणि समोरचा घाबरून म्हणतो, दादा, बसा, पडाल. म्हणून लिहितो.

आमची ही गेली त्याला दिवाळीत एक वर्ष झालं. नातीला बोलायला शिकवलं ते हिनं. पोरीचा हात स्वतःच्या गळ्यावर धरायची आणि म्हणायची, "पाणी. पाणी." गळा थरथरतो ते पोरीच्या हाताला कळायचं. मग तोच हात पोरीच्या गळ्यावर ठेवायची. रोज, स्वयंपाक आटोपला की हेच. मी म्हणायचो, अगं, भिंत बोलेल त्याच्या आधी. तर पोर बोलायला लागली! आवाज जाडा, मधेच वर चढणारा, शब्दांची टोकं खाल्लेली, पण आम्हाला सगळं कळायचं.

ही गेली आणि पोरीनं तोंड मिटलं. त्याच महिन्यात शाळेत तिला उभं करून धडा वाचायला लावला होता. वर्ग हसला. एका लांब वेण्यांच्या मुलीनं तर मधल्या सुटीत तिची नक्कल करून दाखवली. हसण्याचा आवाज आला नाही तरी दात दिसतात ना! तेव्हापासून घरात आणि शाळेत फक्त हातवारे आणि वही. मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. सून थाटीपूरला एका दुकानात नोकरीला. शाळा सुटल्यावर घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही गप्प. एक रडून गप्प, एक रुसून गप्प.

शाळा आमच्या कंपू मोहल्ल्यातच, घरापासून दहा मिनिटं. सुटायच्या आधी अर्धा तास मी फाटकाशी जाऊन बसायचो, कारण घरी बसवायचं नाही. एक दिवस आत बघतो तर सहावी-सातवीच्या मुली खो-खो खेळतायत. दोन खांब, मधे ओळीनं आठ मुली बसलेल्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. माझे तर पायच शिवशिवायला लागले. लहानपणी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या व्यायामशाळेत मी नऊ वर्षं खो-खो खेळलोय. खांबाला हात लावून गर्रकन वळायचो तेव्हा लोक शिट्ट्या मारायचे. उगाच सांगत नाही.

आणि मैदानाच्या कडेला, दप्तरं सांभाळत, माझी नात. बसलेली कशी? उकिडवी, बोटं जमिनीवर टेकून, एक पाय पुढे. अगदी खो-खोच्या चौकात बसतात तशी! कोणी तिला खो देणार नव्हतं, पण ती तयार होती.

घरी येऊन विचारलं, "खेळायचंय?"

तिनं वही काढली. लिहिलं, "हो." त्याच्याखाली अजून एकदा, मोठ्या अक्षरात, "हो." मग वही मिटली आणि परत उघडून लिहिलं, "घेत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी सरळ खेळाच्या मॅडमपुढे उभा. हिंदीतच बोललो, शाळेत दुसरं काय चालणार.

"मॅडम, इसको टीम में लो."

"दादाजी, कैसे लें? सुनेगी कैसे?"

"खो पीठ पर मिलता है कि कान पर?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, अच्छा, बैठाओ.

लांब वेण्यांची मुलगी कॅप्टन होती. हो, तीच. तिनं तोंड वाकडं केलं, पण डाव सुरू झाला. आणि काय सांगू! बाकीच्या मुली नुसत्या "खो" शब्दावर उठायच्या. शेजारचीला दिलेल्या खोवरसुद्धा अर्ध्या उठायच्या. पळणाऱ्या मुली खोटं ओरडायच्या, या फसायच्या, शिट्टी, फाउल. माझी नात दगडासारखी बसून. सगळं मैदान ओरडलं तरी तिला काय त्याचं? पाठीवर हात पडला की मगच उठायची, आणि उठली की सुटली! मी फाटकाशी उभा राहून "पळ! पळ!" ओरडतोय, चौकीदार म्हणतोय, "बाबा, ये स्कूल है."

कॅप्टन म्हणाली, "मॅडम, इसको रखो. ये जल्दी नहीं उठती. बाकी सब गधी हैं."

मग माझ्या नातीला एकीला खो द्यायचा होता. तिनं धावत जाऊन पाठीवर हात मारला. बसलेली उठली. शिट्टी वाजली.

"मुँह से नहीं बोला! फाउल!"

पुन्हा हात मारला. पुन्हा शिट्टी. तिला शिट्टी ऐकू येईना, ती आपली पुढे पुढे हात मारत चालली, आणि मुली पोट धरून हसायला लागल्या.

इथे माझी चूक. नऊ वर्षं खेळलेला माणूस मी, आणि मला खो मिळणं तेवढं आठवलं, खो देणं आठवलं नाही. खो हातानं द्यायचा आणि त्याच वेळी तोंडानं, मोठ्यानं, पंचाला ऐकू जाईल असा. त्याशिवाय तो खोच नाही. खेळ सुरू झाल्यापासूनचा नियम आहे. मीच पोरीला हौसेनं मैदानात ढकललं आणि मीच तिचं हसं केलं.

कॅप्टन माझ्याजवळ येऊन म्हणाली, "दादाजी, बोलेगी नहीं तो मैं नहीं रखूँगी. मैच है हमारा." ती पोर मला आवडत नव्हती. पण बोलली खरं. मॅचला आठ दिवस होते. आठ दिवसांत पोरीचा आवाज निघाला तर ती संघात, नाही तर पुन्हा दप्तरं सांभाळायची.

त्या संध्याकाळी मी तिला छतावर नेलं. खडूनं चौक आखला आणि त्यात उकिडवा बसलो. गुडघे कडाकडा वाजले. तिला खूण केली, दे खो.

तिनं पाठीवर हात मारला. मी बसून.

परत मारला. मी बसून. तिनं धक्का दिला, मग गुद्दा घातला, शेवटी माझी कानटोपी ओढून फेकली. मी जागचा हललो नाही. मान वळवून गळ्यावर बोट ठेवलं, आवाज काढ.

सून जिन्यातून ओरडली, "बाबा, कंबर जाईल तुमची! आणि तिच्या मागे कशाला लागलायत?"

"तू भाजी बघ."

पोरीनं छतावरच खडूनं लिहिलं, "हसतात."

आता कोणी शिकलेला असता तर म्हणाला असता, नाही बाळा, कोणी हसणार नाही. मी खोटं कशाला बोलू? मी तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणालो, "हसतील. नक्की हसतील. आजी गेली म्हणून कोणाचं हसणं थांबत नसतं. तुला खेळायचंय का नाही, तेवढं सांग."

ती खाली निघून गेली. मी बसलेलाच, कारण उठता येईना. तीन दिवस असंच. रोज मी चौकात, ती मागे, आणि पाठीवर मुकी थाप.

चौथ्या दिवशी धुकं होतं, सकाळची शाळा कलेक्टरच्या हुकमानं बंद. मी छतावर बसलो. मागून पावलं आली. पाठीवर हात पडला आणि त्याच्याबरोबर आवाज! "खो" म्हणायचं म्हणून पोटातून जे काही निघालं ते असं, की शेजारच्या छतावरची कबुतरं उडाली. जाडं, फाटकं, शेवटी वर चढलेलं. एका वर्षानं.

मी उठायला गेलो आणि सपशेल आडवा झालो. पोरीला वाटलं मी मेलो. ती वाकून बघते तर मी रडतोय आणि ओरडतोय, "परत दे! परत दे!" आडव्या माणसाला तिनं अजून दहा खो दिले. सून लाटणं घेऊन वर आली.

मॅच मुरारकडच्या एका शाळेशी होती, आमच्याच मैदानावर. मशीन घामानं बिघडते म्हणून पोरीनं ती काढून माझ्याकडे दिली. म्हणजे आता ढोलसुद्धा ऐकू येणार नव्हता. मॅडमनी पंचांना सांगितलं, शिट्टीबरोबर हात वर करा. पंच चांगला माणूस, म्हणाला, दोन्ही हात करीन.

पहिल्या डावात पोरगी सगळा वेळ नुसती बसलेली. कॅप्टन तिला खो देईचना. शेजारच्या चौकात देते, पलीकडच्या चौकात देते, हिला टाळते. मी कडेनं ओरडलो, "अरे, उसको भी दो!" मॅडमनी मला डोळ्यांनी दाबलं.

दुसऱ्या डावात मुरारची एक उंच मुलगी आमच्या ओळीतून साप जावा तशी जायला लागली. कॅप्टन तिच्या मागे, तोंड लाल, दम संपलेला, आणि ती उंच मुलगी वळली ती बरोबर माझ्या नातीच्या समोर. आता दुसरा इलाजच नव्हता. कॅप्टननं हिच्या पाठीवर हात हाणला, "खो!"

उठली! उंच मुलगी उजवीकडे, ही उजवीकडे. उंच मुलगी खांबाकडे निघाली. शेवटच्या चौकातल्या छोट्या मुलीला वेळेवर खो मिळाला तर गडी बाद, नाही तर सुटली. माझी नात पोचली. हात उगारला. मला वाटलं, मिटतेय. तोंड मिटतेय.

आणि हिनं खो दिला! तोच छतावरचा आवाज, अख्ख्या मैदानावर. मुरारच्या बाकांवरून लगेच हसू फुटलं. आमच्या बाकांवरूनही. पण मी तिकडे बघतच नव्हतो, मी त्या छोट्या मुलीकडे बघत होतो. ती हसली का? तिला वेळच नव्हता! पाठीवर खो पडला की उठायचं, पळायचं. ती उठली, सूर मारला आणि उंच मुलीची टाच टिपली. बाद!

मग काय, कॅप्टननं हिला खो देणं सोडलंच नाही. ही चार वेळा ओरडली, सहा वेळा ओरडली. एकदा शिट्टी झाली, पंचांनी दोन्ही हात वर केले, हिनं बघितलं, मागे फिरली, खो नीट दिला. सहाव्या-सातव्या खोपर्यंत बाकांवरचं हसणं संपलं. लोकांना बाद झालेले गडी मोजायचे होते. मी कोणाच्या तरी बापाला मिठी मारली, तो कोण मला आजही माहीत नाही.

हरलो. एका गड्यानं हरलो.

मुली खांबाजवळ गोळा झाल्या. मी मशीनची डबी घेऊन निघालो, म्हटलं पोर रडत असेल. जाऊन बघतो तर कॅप्टन तिच्या अंगावर धावून आलेली.

"खंभे पे सो गई थी क्या? इतना धीरे कौन घूमता है?"

माझं डोकं फिरलं. पुढे झालो. मॅडमनी माझी बाही धरली. "दादाजी, रहने दो. सबको ऐसे ही डाँटती है."

माझ्या नातीनं कॅप्टनचे ओठ वाचले. एक पाऊल पुढे गेली, छातीवर बोट लावलं, मग ते बोट कॅप्टनच्या नाकासमोर नेलं. आणि तोंडानं, सगळ्यांसमोर, टोकं खाल्लेल्या शब्दांत म्हणाली, "तू! तू ले... दिया! मैं नई! तू!"

"मैंने लेट दिया? मैंने?"

"हाँ! तू!"

छोटी मुलगी मधे पडली, "हाँ दीदी, दिया तो आपने लेट था." मग तिसरी, मग चौथी. सगळ्या एकदम बोलायला लागल्या, आणि त्या सगळ्या आवाजांच्या वर एक जाडा, फाटका आवाज, वरखाली होणारा. कोणी त्याच्याकडे वळून बघत नव्हतं. भांडण महत्त्वाचं होतं.

सून दुकानातून सुटून आली होती, तिनं आणलेली ई-रिक्षा फाटकाशी उभी. रिक्षावाल्यानं दोनदा भोंगा वाजवला. मग वैतागून मला हाक मारली, "बाबा, चलना है कि नहीं?"

मी म्हटलं, "रुक जा भाई. अभी झगड़ा चल रहा है."