दुसरा प्रेस

"दुसरा प्रेस लागेल की नाही, एवढंच शुक्रवारपर्यंत सांग," असं म्हणून देशमुखसरांनी ट्रॅक्टर कंपनीची नवी ऑर्डर माझ्या टेबलावर ठेवली. जाता जाता दारात थांबले. "लागला तर मेंटेनन्सला अनुभवी माणूस घ्यावा लागेल. तुझ्या मिस्टरांना विचारून ठेव."

सर आमचे प्लांट हेड. लोणी देवकरच्या एमआयडीसीत आमचा प्रेस शॉप आहे. पत्रा दाबून ट्रॅक्टरचे भाग बनवतो. मी प्लॅनिंग बघते. माझे मिस्टर नितीन गुजरातमध्ये साणंदच्या एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला आहेत. लग्नानंतर वर्षभरातच त्यांना ती नोकरी लागली. इकडं त्यांच्या कामाची जागा निघत नव्हती, तिकडं माझ्या. मी सासूबाई आणि मुलीबरोबर बारामतीत राहते. ते सणासुदीला येतात. मुलगी त्यांच्याशी पहिला दिवसभर लाजते, आणि ती मोकळी होईपर्यंत त्यांची परतीची गाडी आलेली असते.

आता थोडं माझ्या कामाबद्दल. मशीन किती काम करू शकतं ती त्याची कपॅसिटी. त्याच्याकडून किती काम हवंय तो लोड. लोड शंभर टक्क्यांच्या वर गेला की काहीतरी करावं लागतं. सगळ्या मशीनची काळजी करायची नसते. काम जिथं अडतं ते एक मशीन बघायचं. त्याला आम्ही बॉटलनेक म्हणतो. सीझनमध्ये सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्यावर गेलात तर लगेच कळेल. उसाच्या ट्रॉल्या कितीही आल्या तरी गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, जाईल तेवढाच ऊस जातो, बाकीच्या बाहेर रांगेत उभ्या. आमची गव्हाण म्हणजे मोठा प्रेस. तो तिन्ही शिफ्ट चालतो आणि तरी जेमतेमच पुरतो.

नवी ऑर्डर आधीपेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त होती. मी लोड काढला. एकशेवीसच्या घरात गेला. म्हणजे दुसरा प्रेस हवाच.

आयुष्यात कुठल्या आकड्याने मला इतका आनंद झाला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या मागं जाऊन मी साणंदला फोन लावला. नितीननी विचारलं, "कंपनीची बस घराजवळ थांबते का गं?" पगार नाही विचारला, हुद्दा नाही. बस कुठं थांबते ते विचारलं. मग मुलीची शाळा किती वाजता सुटते, संध्याकाळी तिला कोण आणतं, असं बरंच काही विचारत राहिले.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या वडगाव निंबाळकरच्या, बोलणं अजून तिकडचंच. "येतोय व्हय त्यो?" एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीतली कापसाची गादी गच्चीवर उन्हात पडली होती.

आकडा मात्र मला स्वस्थ बसू देईना. प्रेसचा वेळ नेमका कुठं जातो ते कागदावर दिसत नाही, म्हणून मी शॉपमध्ये जाऊन उभी राहिले. प्रेसवर वेगवेगळे भाग बनतात. भाग बदलला की डाय, म्हणजे साचा, बदलावा लागतो. दिवसात पाच-सहा वेळा. दर वेळी सुमारे दीड तास प्रेस बंद. मी बघत राहिले. प्रेस थांबल्यावर माणूस डाय आणायला जाई. डाय शेडच्या त्या टोकाला. क्रेन दुसऱ्या कामात. क्रेन मिळाली की बोल्टची शोधाशोध. प्रत्यक्ष डाय बसवायला फार वेळ लागतच नव्हता. बाकीची सगळी तयारी प्रेस चालू असतानाच करता आली असती.

हे मला नवं नव्हतं. नितीननी साणंदला हेच काम केलं होतं. तेव्हा रोज फोनवर मला सांगायचे, आणि मी भाजी निवडत ऐकायचे.

मी पुन्हा फोन केला. "तुमच्याकडं डाय बदलायला आता किती वेळ लागतो?"

प्रश्न कशासाठी आहे ते त्यांना कळलं होतं.

"अर्ध्या तासाच्या आत," ते म्हणाले. मग नेहमीच्या, कामाच्या आवाजात सांगायला लागले. "आधी एक ट्रॉली बनवून घे. पुढचा डाय प्रेसशेजारी येऊन थांबला पाहिजे. सगळे बोल्ट एकाच मापाचे कर. आणि डायची उंची सारखी करून घे, नाहीतर सेटिंगमध्ये वेळ जातो. लिहून घेतेस ना?"

मी लिहून घेत होते. अक्षर नीट दिसत नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "मग दुसरा प्रेस लागणार नाही."

"हो. ते कळलं मला."

वर्कशॉपमधून ट्रॉली करून घेतली. डाय बसवणारे आमचे सेटर तात्या, सगळ्यात जुने. त्यांना हे पटेना. "मॅडम, हितं घाई केली तर बोटं जात्यात," म्हणाले. मी म्हटलं, प्रेस बंद असताना तुम्ही नेहमीच्याच गतीने काम करा, फक्त तयारी आधी करू. त्यांनी दोन शिफ्ट करून बघितलं. डाय अर्ध्या-पाऊण तासात बसायला लागला. मी पाऊणच तास धरून नवा लोड काढला. पंच्याण्णवच्या आसपास. ऑर्डर एका प्रेसमध्ये बसत होती.

शुक्रवारी पुण्याहून डायरेक्टर आले. मी दोन्ही आकडे दाखवले. ते समाधानी होते. मग त्यांनी मला नको असलेला प्रश्न विचारला.

कपॅसिटी दोन प्रकारे वाढवतात. मागणी वाढेल असं धरून आधीच मशीन घ्यायचं, ही लीड पद्धत. मागणी खरोखर वाढल्यावर घ्यायचं, ही लॅग. दोन्ही बरोबर असू शकतात. "तुमचं मत काय?" ते म्हणाले. "पंच्याण्णव म्हणजे काठावरच. पुढचा विचार करून आत्ताच घ्यायचा का?"

आकड्याने माझं काम संपवलं होतं. आता नुसतं मत उरलं होतं. मी 'घेऊया' म्हटलं असतं तर कुणी चूक म्हणाला नसता. पण ट्रॅक्टर कंपनीने पुढच्या वर्षीचा अंदाज दिलेला नव्हता, आणि दुसऱ्या कुठल्या प्लांटसाठी मला कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं ते मला माहीत होतं.

"आत्ता नको," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर देशमुखसर म्हणाले, "एक शब्द बोलली असतीस तर त्यांनी घेतला असता."

"माहीत आहे, सर."

संध्याकाळी सासूबाई गच्चीवर होत्या. मी सांगितलं, मशीन घेणार नाहीत. त्यांनी विचारलं, मग त्यो? मी म्हटलं, तिकडंच. त्या गादीच्या एका टोकाला वाकल्या. "धर पलीकडनं," म्हणाल्या. "हितं ठिवली तर दव पडंल." आम्ही दोघींनी गादी खाली आणली.

ऑर्डर वेळेवर गेली. पूर्ण सीझन एकाच प्रेसवर. डायरेक्टरांनी पुण्याहून अभिनंदनाचा मेल पाठवला. तो मी साणंदला फॉरवर्ड केला. नितीननी उत्तरात अंगठा पाठवला, आणि थोड्या वेळाने विचारलं की बोल्ट कुठल्या मापाचे ठेवले.

आता दर महिन्याला लोडचा रिपोर्ट निघतो. त्यात चाळीसेक मशीन आहेत. माझी नजर आधी मोठ्या प्रेसच्या ओळीवर जाते. कधी त्र्याण्णव, कधी शहाण्णव. एकदा नव्व्याण्णव होता. मी तो आकडा पुन्हा तपासला. एक भाग दोनदा धरला गेला होता. दुरुस्त करून पाठवला.

नवीन प्लॅनर आला की मी त्याला सॉफ्टवेअर शिकवते, शॉपमध्ये घेऊन जाते, प्रेसजवळ उभं करते. आणि एवढं सांगते की आकडा पक्का झाल्याशिवाय घरी फोन करू नये.